टोकन बाजारात केव्हा उतरते? कूटचलन प्रकल्प आणि विक्रीच्या वेळेचे अर्थशास्त्र

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम हे उपनगर विमानतळ आणि रेल्वे जंक्शन यांसाठी सर्वांना परिचित आहे. तेथील नागेरबाजार भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी काही मुले अर्थशास्त्राच्या शंका घेऊन अधूनमधून माझ्याकडे येत असतात. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांपैकी एकाने विचारले, "सर, लिस्टिंग कधी होईल?" मला वाटले, एखाद्या कंपनीच्या समभागांविषयी विचारतो आहे. प्रत्यक्षात तो 'हॅम्स्टर कॉम्बॅट' या मोबाइलवरील खेळाविषयी बोलत होता. पडद्यावर बोटाने टिचक्या मारून गुण जमवायचे आणि त्या गुणांचे पुढे टोकनमध्ये रूपांतर होईल अशी वाट पाहायची, असा तो खेळ. जगभरातील कोट्यवधी लोक तो खेळत होते आणि भारतातील तरुण त्यात मोठ्या संख्येने होते. या मुलाने तीन महिने टिचक्या मारल्या होत्या. शिवाय त्याच्या ओळखीचा एक जण 'लिस्टिंगपूर्वीचे' टोकन स्वस्तात देऊ करीत होता आणि त्यासाठी परीक्षा शुल्क व पुस्तकांसाठी बाजूला काढलेले आठ हजार रुपये द्यावेत काय, असा त्याचा खरा प्रश्न होता. वडिलांची बचत २०१३ साली चिट फंडात बुडाली होती, ही गोष्ट त्याने अगदी शेवटी सांगितली.

या प्रश्नाचे उत्तर 'द्या' किंवा 'देऊ नका' एवढ्यात संपत नाही. टोकन बाजारात कोणत्या दिवशी आणायचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, त्या दिवशी किती टोकने खुली असतात आणि किती कुलूपबंद असतात, या बाबींवर खरेदीदाराचा नफातोटा बऱ्याच अंशी अवलंबून असतो. कूटचलनाविषयी परीक्षांत विचारले जाणारे प्रश्न प्रामुख्याने तंत्रज्ञान, करआकारणी आणि रिझर्व्ह बँकेची भूमिका यांभोवती फिरतात. विक्रीची वेळ हा विषय त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

टोकनची गरज कोणाला?

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी सामायिक खातेवही होय. एखादी नोंद एकदा झाली की ती परस्पर बदलता येत नाही, कारण इतर प्रतींशी तिचा मेळ बसत नाही. मात्र ही खातेवही सांभाळणाऱ्यांना मोबदला द्यावा लागतो, आणि त्यांनी लबाडी करू नये म्हणून त्यांच्याकडून काही अनामतही ठेवून घ्यावी लागते. मोबदला, अनामत आणि नोंदीचे शुल्क ही तीनही कामे ज्या एककात होतात ते त्या साखळीचे नाणे. दुसऱ्याच्या साखळीवर निर्माण केलेल्या एककास सामान्यतः टोकन म्हणतात. व्यवहारात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

याचे आपल्या परिसरातील उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात सापडते. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागातील सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी 'पॉलिगॉन' या साखळीवर नेण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. प्रमाणपत्राची सत्यता कोणत्याही कार्यालयास पडताळून पाहता यावी, हा त्यामागील हेतू होता. अशा नोंदीसाठी त्या साखळीच्या टोकनमध्ये अत्यल्प शुल्क पडते. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. टोकनचा भाव दहापट झाला काय किंवा दहावा हिस्सा उरला काय, आदिवासी विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राचे मोल तेवढेच राहते. साखळीची उपयुक्तता आणि टोकनचा बाजारभाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. विक्रेते मात्र पहिलीचा दाखला देऊन दुसरी विकतात.

बिटकॉइनच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही. ३ जानेवारी २००९ रोजी त्याचा पहिला ठोकळा तयार झाला, पण त्याची कधी प्रारंभिक विक्री झाली नाही. संगणकावर काम करणाऱ्यास बक्षीस म्हणून नवी नाणी मिळत गेली. एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर थांबणार आणि दर २ लाख १० हजार ठोकळ्यांनंतर बक्षीस निम्मे होणार, हा नियम आरंभापासूनच जाहीर होता. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या चार वेळा ते निम्मे झाले. आता ते ३.१२५ बिटकॉइन आहे. थोडक्यात, पुरवठ्याचे वेळापत्रक कोणाच्या मर्जीवर नव्हते. पुढच्या प्रकल्पांनी हे वेळापत्रक स्वतःच्या हाती घेतले आणि तेथून आपला विषय सुरू होतो.

आधी विक्री, मग वस्तू

इथेरियम या प्रकल्पाने २२ जुलै ते २ सप्टेंबर २०१४ या काळात 'ईथर' विकले. सुमारे सहा कोटी ईथर विकले जाऊन ३१ हजारांहून अधिक बिटकॉइन जमा झाले. त्यांची त्यावेळची किंमत अदमासे १ कोटी ८० लाख डॉलर होती. पहिल्या चौदा दिवसांत एका बिटकॉइनला दोन हजार ईथर मिळत, पुढे हे प्रमाण कमी होत गेले. लवकर येणाऱ्यास स्वस्त, उशिरा येणाऱ्यास महाग, हे तत्त्व तेथे प्रथम ठळकपणे दिसले. विक्री झाली तेव्हा साखळी अस्तित्वात नव्हती. ती ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाली.

इथेरियमच्या यशानंतर, वस्तू तयार होण्यापूर्वीच टोकन विकण्याची प्रथा रूढ झाली. २०१७ मध्ये तिला उधाण आले. विविध संगणकांवरील रिकामी साठवण जागा भाड्याने देण्याची कल्पना मांडणाऱ्या 'फाइलकॉइन'ने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभारली आणि त्याचे जाळे ऑक्टोबर २०२० मध्ये कार्यान्वित झाले. म्हणजे मधली तीन वर्षे खरेदीदाराच्या हाती केवळ आश्वासन होते. फाइलकॉइन निदान पूर्ण तरी झाले. त्या लाटेतील असंख्य प्रकल्पांची श्वेतपत्रिका हीच एकमेव निर्मिती ठरली.

असे का घडते, याचे विवेचन अर्थशास्त्रात फार पूर्वीच झाले आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्यास मालाची खरी स्थिती ठाऊक असते आणि ग्राहकास नसते, तेव्हा वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. चांगल्या विक्रेत्याने आपण चांगले असल्याचा असा संकेत द्यावा की ज्याची नक्कल करणे वाईट विक्रेत्यास परवडणार नाही. (२००१ चे नोबेल स्मृती पारितोषिक या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले, हे परीक्षार्थींना ठाऊक असेलच.) टोकन कधी विकले, यातून असा संकेत मिळू शकतो. वस्तू तयार झाल्यावर विकणाऱ्याने थांबण्याची किंमत मोजलेली असते, तर कागदावरील कल्पना तेजीच्या दिवसांत विकणाऱ्याने काहीच मोजलेले नसते.

तेजीची वेळ साधण्याची ही प्रवृत्ती कूटचलनांनी शोधून काढलेली नाही. अमेरिकेतील प्रारंभिक समभाग विक्रीचा अभ्यास करून जे रिटर यांनी १९९१ मध्ये असे दाखविले होते की, बाजारात आशावाद शिगेला पोहोचतो त्याच सुमारास कंपन्या मोठ्या संख्येने विक्रीस येतात आणि अशा समभागांची पुढील काही वर्षांतील कामगिरी सुमार राहते. आपल्याकडे मे १९९२ मध्ये भांडवल निर्गमन नियंत्रकाचे पद रद्द झाले. त्यानंतरच्या तेजीत शेकडो कंपन्यांनी जनतेकडून पैसा गोळा केला. त्यांतील दोनशेहून अधिक कंपन्यांचा पुढे पत्ताच लागला नाही आणि 'नाहीशा झालेल्या कंपन्या' असा स्वतंत्र वर्ग सरकारी कागदपत्रांत तयार झाला. सेबीच्या नियमावलीतील अनेक अटींचा जन्म या अनुभवातून झालेला आहे.

मुंबईतील मॅटिक

टोकन विक्रीच्या वेळेचा अभ्यास करण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत 'मॅटिक' हा प्रकल्प सुरू केला. इथेरियमवर व्यवहारांची गर्दी वाढून शुल्क महागत होते. हे व्यवहार शेजारच्या वेगवान साखळीवर उरकून त्यांचा अंतिम हिशेब इथेरियमवर ठेवावा, अशी ही कल्पना. प्रकल्पाने आपल्या चाचणी जाळ्याला दीर्घकाळ 'मुंबई' हेच नाव ठेवले होते, हा तपशील मराठी वाचकास आवडावा.

२०१७ च्या अखेरीस बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या जवळ पोहोचला होता आणि दोन पानांच्या कल्पनेवर कोट्यवधी डॉलर मिळत होते. मॅटिकने त्या वर्षी सार्वजनिक विक्री केली नाही. पाठोपाठ बाजार कोसळला; डिसेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन ३,२०० डॉलरच्या आसपास आला. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने बँकांची दारे बंद झाली. मॅटिकचे टोकन विक्रीस आले ते एप्रिल २०१९ मध्ये, 'बायनान्स' या परदेशी बाजारमंचावर, सोडत पद्धतीने. एकूण १,००० कोटी टोकनांपैकी १९ टक्के, म्हणजे १९० कोटी टोकने, प्रत्येकी ०.००२६३ डॉलर या भावाने विकली गेली आणि सुमारे ५० लाख डॉलर हाती आले. २०१७ च्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

उरलेल्या ८१ टक्क्यांचे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खासगी गुंतवणूकदारांना आधीच ३.८ टक्के दिलेले होते. संस्थापक व कर्मचारी यांच्यासाठी १६ टक्के, सल्लागारांसाठी ४ टक्के, जाळ्याच्या संचालनासाठी १२ टक्के आणि उर्वरित सुमारे ४५ टक्के प्रतिष्ठान व परिसंस्था विकासासाठी राखून ठेवले होते. हे सर्व हिस्से टप्प्याटप्प्याने खुले व्हायचे होते. याचा अर्थ, सोडतीत टोकन मिळालेल्या माणसाने घेतलेला भाव केवळ त्या १९ टक्क्यांचा होता. पुढील काही वर्षे त्याच्या पाठीमागून चौपट पुरवठा चालत येणार होता.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याची झळ कशी बसू शकते, याचा अनुभव आला. भाव काही आठवडे चढत होता आणि १० डिसेंबर रोजी तासाभराच्या अवधीत तो सुमारे दोन तृतीयांशाने घसरला. संस्थापकांनी टोकने विकली, अशी कुजबूज लगेच सुरू झाली. त्यांनी तिचा इन्कार केला आणि बायनान्सच्या प्रमुखांनी मोठ्या व्यापाऱ्यांच्या घबराटीकडे बोट दाखविले. खरे कारण काहीही असो, ज्या बाजारात कुलूपबंद साठा मोठा असतो तेथे अफवेलाही वजन येते, एवढे त्यातून निश्चित दिसले.

२०२० च्या मध्यास मॅटिकची साखळी प्रत्यक्ष सुरू झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने पॉलिगॉन हे नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ४५ कोटी डॉलरची गुंतवणूक मिळविली. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस टोकनचा भाव २.९ डॉलरवर गेला होता, म्हणजे विक्रीभावाच्या हजारपटीहून अधिक. हा आकडा जाहिरातींत आणि समाजमाध्यमांत वारंवार येतो. त्यासोबत दुसरा आकडा येत नाही तो असा : ४ सप्टेंबर २०२४ रोजी जुन्या टोकनच्या जागी 'पीओएल' हे नवे टोकन एकास एक या प्रमाणात देण्यास सुरुवात झाली, तेव्हा भाव चाळीस सेंटच्या आसपास होता. शिवाय नव्या टोकनमध्ये दरसाल २ टक्के नवा पुरवठा करण्याची तरतूद आहे. म्हणजे 'एक हजार कोटी आणि त्यापुढे नाही' ही मूळ मर्यादा राहिली नाही. माझ्या मते मॅटिक हा प्रामाणिक आणि उपयुक्त प्रकल्प आहे. तरीही २०२१ च्या अखेरीस त्याचे टोकन घेणाऱ्याचे अडीच वर्षांत आठ आण्यांपेक्षा अधिक नुकसान रुपयामागे झाले. प्रकल्प चांगला असणे आणि खरेदीची वेळ चांगली असणे यांचा परस्परसंबंध लोक समजतात तितका घट्ट नसतो.

कुलूपाचा हिशेब

पुरवठ्याचे हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका प्रकल्पाची एकूण १०० कोटी टोकने आहेत. पहिल्या दिवशी त्यांपैकी १० कोटी खुली होतात आणि भाव २० रुपये ठरतो. वृत्तपत्रांत येणारे 'बाजारमूल्य' २०० कोटी रुपये दिसेल. सर्व टोकने हिशेबात घेतली तर तेच मूल्य २,००० कोटी होते. आता दरमहा दोन कोटी टोकने खुली होणार असतील आणि मिळणारे ती विकणार असतील, तर भाव २० रुपयांवर केवळ टिकून राहण्यासाठी दरमहा ४० कोटी रुपयांची नवी मागणी यावी लागेल. ती २० कोटींचीच आली, तर भाव उतरणे अटळ आहे. त्यासाठी कोणी लबाडी करण्याची गरज नाही. उलटपक्षी, पहिल्या दिवशी अगदी थोडी टोकने खुली ठेवली तर थोड्याशा मागणीनेही भाव उंच जातो आणि त्या भावावरून कुलूपबंद हिश्श्याचे मूल्य कागदावर फुगते. अनेक प्रकल्प आरंभी पुरवठा मुद्दाम तुटपुंजा ठेवतात त्याचे कारण हे आहे.

समभागांच्या बाबतीत या कुलूपाचा कालावधी कायद्याने ठरतो. सेबीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सर्वसाधारणपणे प्रवर्तकांना किमान २० टक्के भांडवल अडकवून ठेवावे लागते. हा अवधी पूर्वी तीन वर्षे होता, २०२१ मध्ये तो बहुतांश प्रकरणी अठरा महिन्यांवर आणण्यात आला. प्रमुख संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या निम्म्या समभागांवर ३० दिवसांचे व उरलेल्या निम्म्यांवर ९० दिवसांचे बंधन असते. सेबीचे अभिप्राय मिळाल्यावर ठरावीक मुदतीत विक्री खुली करावी लागते. मुदत टळल्यास कागदपत्रे नव्याने सादर करावी लागतात. म्हणजे कंपनीस वेळ निवडण्याची मोकळीक आहे, पण ती एका चौकटीत. टोकनच्या बाबतीत कुलूप प्रकल्पच लावतो, किल्लीही त्याच्याकडेच असते आणि वेळापत्रक मधेच बदलले तर दाद कोठे मागावी, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

देणे भागविण्यासाठी टोकन

आतापर्यंत भांडवल उभारण्यासाठी काढलेल्या टोकनांचा विचार केला. जुनी देणी चुकविण्यासाठी काढलेले टोकन हा सर्वस्वी निराळा प्रकार होय आणि त्याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. अमित भारद्वाज याने २०१५ च्या सुमारास सुरू केलेल्या 'गेनबिटकॉइन' या योजनेत बिटकॉइन गुंतविणाऱ्यास अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आश्वासन होते. साध्या गणिताने हा परतावा मूळ रकमेच्या १८० टक्के होतो. पुणे आणि नांदेडसह अनेक ठिकाणी लोकांनी त्यात पैसे घातले, नव्या गुंतवणूकदारास आणणाऱ्यास वाटणी मिळे.

केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्यानुसार, २०१७ मध्ये नव्या गुंतवणूकदारांचा ओघ आटू लागल्यावर या योजनेने परताव्याची पद्धत एकतर्फी बदलली. बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच टोकन दिले जाऊ लागले आणि त्याचे मूल्य बिटकॉइनच्या तुलनेत फारच कमी होते. वेळ पाहा. त्या वर्षी बिटकॉइन वर्षारंभीच्या हजार डॉलरवरून वर्षअखेरीस जवळपास वीस हजारांकडे निघाला होता. गुंतवणूकदारांनी दिले होते बिटकॉइन. ते महाग होत असताना त्यांच्या हाती आले दुसरेच काहीतरी. बँकेने ठेवीची मुदत संपल्यावर नोटांऐवजी स्वतः छापलेली कुपने द्यावीत, त्यातलाच हा प्रकार झाला. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. देशभरातील गुन्हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विभागाने साठहून अधिक ठिकाणी झडती घेतली.

बंगालमधील वाचकास यात शारदा समूहाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एप्रिल २०१३ मध्ये तो समूह कोसळला आणि लक्षावधी छोटे ठेवीदार हवालदिल झाले. तेथे लोक त्यास 'चिट फंड' म्हणतात. वस्तुतः चिट फंड अधिनियम, १९८२ खालील नोंदणीकृत चिट फंड, म्हणजे आपल्याकडील भिशीचे कायदेशीर रूप, ही वेगळी आणि वैध संस्था आहे. शारदाचा कारभार सामूहिक गुंतवणूक योजनेचा होता व त्यास सेबीची मान्यता नव्हती. परीक्षेत या दोहोंची गल्लत करू नये. अशा अनुभवांनंतर संसदेने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम संमत केला.

फुकट टोकनाची प्रतीक्षा

नागेरबाजारच्या मुलाचा प्रश्न यापुढचा आहे. त्याने खेळासाठी पैसे दिले नव्हते, वेळ दिला होता. ग्राहकांना टोकन फुकट वाटण्याची ही पद्धत २०२० नंतर फोफावली. प्रकल्पाच्या दृष्टीने तिचा लाभ उघड आहे. टोकन जितके दिवस येत नाही तितके दिवस वापरकर्ते टिकून राहतात, जाहिराती पाहतात, मित्रांना आणतात. टोकन आले की बहुतेक जण ते विकून निघून जातात. त्यामुळे तारीख लांबविणे प्रकल्पाच्या हिताचे ठरते. 'पाय नेटवर्क'चे मोबाइल उपयोजन मार्च २०१९ मध्ये आले; त्याचे जाळे बाहेरील व्यवहारांसाठी खुले झाले २० फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी. पहिल्या आठवड्यात भाव तीन डॉलरजवळ गेला आणि मार्चअखेर एका डॉलरच्या खाली आला.

हॅम्स्टर कॉम्बॅटचे टोकन लांबत लांबत २६ सप्टेंबर २०२४ रोजी बाजारात आले. तत्पूर्वी मी त्या मुलास तीन गोष्टी शोधून आणण्यास सांगितले होते : एकूण टोकने किती, पहिल्या दिवशी खुली किती आणि ती मिळणाऱ्यांपैकी किती जणांनी पैसे मोजले आहेत. पहिली दोन उत्तरे त्यास मिळाली. दहा हजार कोटी टोकने, त्यांतील ६० टक्के खेळाडूंना वाटायची. तिसऱ्याचे उत्तर त्याने स्वतःच दिले. कोणीच पैसे मोजले नसतील, तर जो भाव मिळेल तो प्रत्येकास नफाच आहे, तेव्हा सारे विकणार. त्याने आठ हजार रुपये दिले नाहीत. टोकन एका सेंटच्या आसपास उघडले आणि लगेच घसरू लागले. त्याच्या तीन महिन्यांच्या टिचक्यांतून जे मिळाले त्यात कोलकात्याच्या मेट्रोचा महिनाभराचा प्रवासही झाला नसता, असे तो हसत म्हणाला. ओळखीच्या गृहस्थाने मात्र आणखी दोघांकडून पैसे घेतले होते.

कायद्याची वेळ

टोकन केव्हा आणावे, यावर सरकारी निर्णयांच्या तारखांचाही प्रभाव पडतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये जनतेस प्रथम सावध केले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना कूटचलन व्यवसायास सेवा देण्यास मनाई झाली. मुंबईतील 'वझीरएक्स' हा बाजारमंच जेमतेम महिनाभर आधी सुरू झाला होता. त्याने सदस्यांनी परस्परांत रुपये द्यावेत-घ्यावेत अशी वाट काढली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आपले 'डब्ल्यूआरएक्स' हे टोकन बायनान्सवर विक्रीस आणले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया विरुद्ध भारतीय रिझर्व्ह बँक या खटल्यात ते परिपत्रक प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर रद्दबातल ठरविले. रिझर्व्ह बँकेस असा आदेश काढण्याचा अधिकारच नाही, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. निकालाचा हा बारकावा पुष्कळ मार्गदर्शक पुस्तकांतून निसटतो. वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरच्या मालमत्तेची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले.

२०२२ च्या वित्त अधिनियमाने 'आभासी डिजिटल मालमत्ता' अशी संज्ञा निर्माण करून तिच्यावरील नफ्यावर ३० टक्के कर लावला. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा ठेवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का कर उगमस्थानी कापण्यास सुरुवात झाली. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. कर लावला म्हणून व्यवहार मान्यताप्राप्त झाला, असा निष्कर्ष काढणे चूक होय. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर किरकोळ वापरासाठी आणलेला डिजिटल रुपया हा सार्वभौम चलनाचाच प्रकार असल्याने त्याचा या विषयाशी संबंध येत नाही.

टोकन विक्रीपूर्वी विक्रेत्याने काय जाहीर करावे, हा मुद्दा मात्र या तरतुदींत कोठेच येत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या आणि ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णांशाने लागू झालेल्या नियमावलीत याची व्यवस्था आहे. तेथे सामान्यतः श्वेतपत्रिका प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान वीस कामकाजाचे दिवस अगोदर ती नियामकास कळवावी लागते. बाजारात सौदे सुरू होण्यापूर्वी थेट विक्रेत्याकडून टोकन घेणाऱ्या सामान्य ग्राहकास चौदा दिवसांत पैसे परत मागण्याचा हक्क आहे. भारतात कूटचलनविषयक विधेयक २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर होते, पण ते मांडले गेले नाही, आणि २०२५ पर्यंत असा स्वतंत्र कायदा झालेला नव्हता. डमडममधील मुलास लिस्टिंगची तारीख सांगणारा एकमेव माणूस म्हणूनच टोकन विकणारा होता.